फसलेल्याचं कर्तव्य

‘घरबसल्या काम’ देतो म्हणून कुणी लुबाडलं की फसलेल्याला आधी ऐकावं लागतं, ‘लोभ नडला’. मग, ‘नशिबात होतं’. दोन्ही वाक्यांना धर्माचा तोंडवळा आहे आणि दोन्हींनी माणूस गप्प बसतो. हे गप्प बसणंच मला सर्वांत मोठा दोष वाटतं. लोभाचा आरोप आधी तपासू. बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली कपाशी-सोयाबीनवर चालणाऱ्या घरातली शिकलेली सून डेटा एंट्रीचं काम घेते, तेव्हा ती श्रम विकायला निघालेली असते. पानंच्या पानं टाइप करून दिल्यावर तिला ‘चुका जास्त’ असं कळवतात, करारभंगाची नोटीस धाडतात, दंड मागतात. ती पैसे भरते ते अब्रूच्या आणि कोर्टाच्या धाकाने. यात लोभ कुठला? हॉटेलांना रेटिंग देण्याच्या ‘टास्क’मध्ये जास्तीच्या आशेने स्वतःचे पैसे घालणाऱ्याला मोह झाला, हे मान्य. पण घटकाभराचा मोह आणि ठरवून केलेली चोरी एकाच पारड्यात कशी घालायची?

नशिबाचं उत्तर जास्त चिवट आहे. घडलं ते प्रारब्ध, मग तक्रार कशाला? टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या, १९१५ साली छापून आलेल्या ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य एकाच प्रकरणात येतात, ते उगाच नाही; कर्माची साखळी मानली तरी पुढचं पाऊल माणसाच्या हाती उरतंच. शेगावच्या गजानन महाराजांनी याच टिळकांना भाकरीचा प्रसाद पाठवल्याची कथा दासगणूंच्या पोथीत आहे. जिथे शेगाव आहे आणि त्या पोथीची पारायणं होतात, त्या जिल्ह्यात तरी प्रारब्ध म्हणजे हातावर हात ठेवणं असा अर्थ निघू नये. कुणी म्हणेल, क्षमा करावी. करावी की, पण जो उद्या दुसरं घर गाठणार आहे, त्याला केलेली क्षमा शेजाऱ्याच्या खिशातून जाते.

राहिला व्यवहारातला आक्षेप: पैसे परत येतात कुठे? बरेचदा येत नाहीत. तरी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन गेला, तर रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी बँकेला ती अडवता येते; लाज गिळत चार दिवस काढले की ती संधी जाते. याहून अवघड प्रश्न ‘टास्क’वाल्यांचा, आणि तो सहसा कुणी विचारत नाही. विश्वास बसावा म्हणून सुरुवातीला जे शे-दोनशे रुपये खात्यात आले, ते बहुधा आधी फसलेल्या कुणाचे तरी असतात. अस्तेय, म्हणजे चोरी न करण्याचं व्रत, मानणाऱ्याने ती आपली कमाई समजू नये, तक्रारीत त्या रकमेचीही नोंद द्यावी. आणि ती कमाई दाखवून जावेला, मैत्रिणीला ‘टास्क’च्या ग्रुपात ओढलं असेल, तर १९३० नंतरचा फोन त्यांना करावा. तो सर्वांत जड जातो, कारण तिथे नकळत का होईना, आपण ठगाचं काम करून दिलेलं असतं.