भुकेचा हुकूम

१९६२ सालची दिवाळी आमच्या सावंगीत नेहमीसारखी आली नाही. २० ऑक्टोबरला चीनने सीमेवर हल्ला केला आणि आठवडाभरातच लक्ष्मीपूजन आले. घरोघर करंज्या तळल्या जात होत्या, पण चावडीवर बोलणे होते ते लढाईचेच. वर्ध्याहून आलेले वर्तमानपत्र एक जण मोठ्याने वाची आणि बाकीचे कान देऊन ऐकत. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो.

गावात एक मामा होते. सख्खे कोणाचेच नव्हेत, पण सारी मुले त्यांना मामाच म्हणत. दुसऱ्या महायुद्धात ते पायदळात होते; थेट इटलीपर्यंत जाऊन आले होते. तोवर याबद्दल गावाने त्यांना कधी मान दिला नव्हता. आमचा जिल्हा पडला सेवाग्राम-पवनारचा. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबांनी पवनारला वैयक्तिक सत्याग्रह आरंभिला आणि इंग्रजांच्या युद्धाला साह्य करू नका, असे सांगत तुरुंगाची वाट धरली. अशा मुलखात इंग्रजांच्या पलटणीत गेलेला माणूस ओशाळूनच वावरायचा. पण त्या पाडव्याला वारे फिरले. चावडीवर मामांना पाट मांडला गेला, गळ्यात झेंडूचा हार पडला.

मी घरात ऐकलेले तसेच बोलून गेलो, "मामा, तुमी तं इंग्रजाचे भाडोत्री शिपाई होते ना?"

सगळे गप्प झाले. वडिलांनी डोळे वटारले. मामा मात्र रागावले नाहीत. त्यांनी हार काढून मांडीवर ठेवला.

"तिकडं एक जर्मन पोरगा आमच्या हाती लागला होता," ते म्हणाले. "मिसरूडबी फुटलं नोतं. त्याले सरकारच्या हुकमानं आनलं होतं. मले कोनाचा हुकूम नोता, बाप्पा. घरी दाना नोता, अन् दारी सावकार होता. आता मी गेलो का मले धाडलं, हे तूच सांग."

मी काय सांगणार? आज पंचाहत्तरीच्या घरात आलो, तरी त्या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही.

इतिहास सांगतो की हिंदुस्थानात सक्तीची भरती नव्हती. त्या युद्धात आपले सैन्य पंचवीस लाखांवर गेले, सत्त्याऐंशी हजारांच्या आसपास माणसे कामी आली, आणि ही स्वेच्छेने उभी राहिलेली जगातील सर्वांत मोठी सेना, असा तिचा गौरव झाला. कागदावर ते खरेच आहे. पण इंग्लंडकडे पाहा. तेथे १९३९ मध्ये सक्तीचा कायदा झाला, आणि त्याच कायद्याने एक खिडकीही ठेवली. ज्याची सद्‌सद्विवेकबुद्धी शस्त्र धरू देत नाही, त्याने न्यायमंडळापुढे जाऊन तसे सांगावे. साठ हजारांच्या आसपास लोकांनी तसे सांगितले. सगळ्यांचेच ऐकले गेले असे नाही; पण सांगायला जागा होती. आमच्या मामांना कायद्याची सक्ती नव्हती, म्हणून नकाराचा अर्जही नव्हता. भुकेपुढे अर्ज करायला कचेरी कुठे असते?

मग भुकेने नेलेला माणूस निर्दोष म्हणायचा काय? येथे मन अडखळते. ऑस्ट्रियात फ्रान्झ येगरश्टेटर नावाचा एक शेतकरी होता. हिटलरच्या फौजेत लढणार नाही, असे त्याने सांगितले. घरी बायको होती, लहान मुली होत्या. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. म्हणजे सक्तीतही 'नाही' म्हणता येते. पण त्याची किंमत आपण दुसऱ्याच्या मुलाबाळांकडून मागावी काय? संतत्व ज्याचे त्याने पत्करायचे असते. शेजाऱ्याने ते लादायचे नसते.

दुसरीही बाजू आहे. तेव्हाच्या नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव मराठा पलटणीत शिपाई होते. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या काठी, समोरून गोळ्यांचा वर्षाव होत असताना, त्यांनी आपल्या जखमी सोबत्यांना पाण्यातून आणि सुरुंगांतून वाहून सुरक्षित जागी नेले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मी मनाशी म्हणतो, हुकूम माणसाला नदीपर्यंत नेतो, भूकही नेते. पण पडलेल्या सोबत्याला उचलायचे की पुढे जायचे, हे त्या क्षणी ज्याचे तोच ठरवतो. परवशतेतही माणसाच्या हाती एवढे उरते.

मामांना हे माझ्याआधी कळले होते. त्या दिवशी उठता उठता ते म्हणाले होते, "मले धाडलं कोनीबी असो. बंदूक मात्र माह्याच हाती होती." त्यांनी स्वतःला माफ केले नव्हते. माफीची गरज त्यांच्याइतकीच आम्हालाही होती, हे आमच्या ध्यानी आले नाही. घरात दाणा नाही हे ज्या गावाला ठाऊक होते, त्याच गावाने आधी त्यांना भाडोत्री म्हटले आणि भीती वाटताच हार घातला. माणूस तोच होता. आमची गरज तेवढी पालटली होती.

आता सावंगी ओळखू येत नाही. मोठे रुग्णालय, महाविद्यालये, रात्रभर जागे रस्ते. मामा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. त्यांची क्षमा मागायची राहून गेली. भरतीसाठी पहाटे रस्त्याने धावणारी पोरे दिसली की मी थांबतो. त्यांतले कित्येक मनापासून निघाले असतील, त्यांचे कौतुकच आहे. पण एखाद्याच्या पायात वहाण धड नसते. त्याला शूर म्हणण्याआधी, पुढे कधी दोष देण्याआधीही, एवढे तरी विचारावेसे वाटते, "बाबा रे, घरी दिवाळीला काय केलं?"