मुदत संपलेला दाखला

प्रथमोपचाराचा दाखला कशासाठी घ्यावा, आणि एकदा मिळविल्यावर दोन-तीन वर्षांनी पुन्हा परीक्षेस कशासाठी बसावे, असे पुष्कळ सज्जन विचारतात. शेजाऱ्यावर प्रीती असली म्हणजे हात आपोआप पुढे होतो, त्यास कागदाची काय गरज, असे त्यांचे म्हणणे. हा प्रश्न वरवर व्यवहाराचा दिसतो. परंतु तो मुळात नीतीचा आहे, म्हणून त्याचा येथे विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

ज्या १८७७ साली सोलापुरात पहिली कापडगिरणी, म्हणजे आपली जुनी गिरणी, स्थापन झाली, त्याच साली इंग्लंडात सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशन निघाली. सामान्य माणसांस प्रथमोपचार शिकवावा व परीक्षा घेऊन दाखला द्यावा, हे तिचे काम. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचारपेटी आणि ती सांभाळणारा दाखलेधारी मनुष्य ठेवण्याचे बंधन घातले. जेथे संकट येणार हे आधीच ठाऊक आहे, तेथे कोणाच्या तरी चांगुलपणावर विसंबून राहू नये, हा त्यातील विचार आम्हांस योग्य वाटतो.

कारण अडाणी प्रीती पुष्कळदा घात करिते. बेशुद्धाच्या तोंडात पाणी ओतणारा शत्रू नसतो. फेफरे आलेल्याच्या नाकाशी चप्पल धरणाराही नसतो. दोघेही कळवळ्याने धावलेले असतात. पण ते पाणी श्वासनलिकेत उतरते, आणि चपलेने फेफरे थांबत नाही.

बरे, एकदा शिकल्यावर पुन्हा का? याची कारणे दोन. पहिले, हात विसरतो. हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीच्या मध्यभागी मिनिटास १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटीमीटर खोल दाब द्यावयाचा असतो. या रीतीस सी.पी.आर. म्हणतात. पुतळ्यावर शिकलेले हे कौशल्य सरावावाचून काही महिन्यांतच ओसरू लागते. दुसरे, विद्या बदलते. ही रीत १९६० साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील संशोधकांनी प्रसिद्ध केली. पुढे कित्येक वर्षे आधी श्वास व मग दाब असा क्रम शिकवीत. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने दाब प्रथम ठेविला. त्याआधी शिकून स्वस्थ बसलेला मनुष्य आजही निष्ठेने जुनाच क्रम चालवील. म्हणूनच त्या संस्थेच्या दाखल्याची मुदत २ वर्षांची असते.

तर मग मुदत संपली असता समोर पडलेल्यास सोडून जावे काय? मुळीच नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १३४-अ कलमाने, रस्त्यावरील अपघातात सद्‌भावाने व मोबदल्याची आशा न धरता मदत करणाऱ्यास खटल्यापासून संरक्षण दिले आहे. तेथे दाखल्याची अट नाही. शोमरोनी मनुष्यापाशी तरी कोणता दाखला होता? परंतु हेही लक्षात घ्यावे, की जखमेवर तेल व द्राक्षारस ओतून ती बांधावी, हे त्या काळचे ज्ञान त्यास होते, आणि सामग्री त्याच्या संगती होती. त्याची दया रिकाम्या हातांची नव्हती.

कायदा आपणांस विचारील, तुमचा हेतू शुद्ध होता काय? विवेकबुद्धी आणखी एक विचारील: शिकण्याची संधी असता तुम्ही का शिकला नाही? हृदय थांबल्यावर चार-पाच मिनिटांत मेंदूची हानी होऊ लागते. १०८ क्रमांकावर ताबडतोब कळवावेच. पण करमाळ्याच्या किंवा मंगळवेढ्याच्या एखाद्या वस्तीवर रुग्णवाहिका इतक्या लवकर कशी पोहोचावी? त्या वेळात रोग्यापाशी असणार ते घरचे किंवा शेजारचेच मनुष्य.

यास्तव प्रत्येक गावच्या मंडळीने निदान दोघांस, एक पुरुष व एक स्त्री, हे शिक्षण घेण्यास धाडावे, त्यांचा जाण्यायेण्याचा खर्च सोसावा, आणि मुदत संपण्याची तारीख मंडळीच्या वहीत लिहून ठेवावी. शिकून आलेल्यांनी दर तीन महिन्यांनी एखाद्या सायंकाळी इतरांसमोर सराव करावा. पुतळा नसेल तर घट्ट उशीवर तरी करावा.