तांबडा मणी

गडचिरोलीच्या खेड्यांत दाईंच्या हाती एकदा एक साधे साधन दिले गेले. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि त्याच्या शेजारी मण्यांच्या दोन ओळी. आजारी बाळाचे पोट वरखाली होताना बघायचे, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुन्हा दहा, पुन्हा एक मणी. वरची ओळ दोन महिन्यांच्या आतल्या बाळाची, तिच्यात पाच हिरवे मणी आणि सहावा तांबडा. खालची ओळ त्याहून मोठ्या बाळाची, तिच्यात चार हिरवे आणि पाचवा तांबडा. वाळू संपायच्या आत तांबडा मणी सरकला तर न्यूमोनिया समजायचा आणि औषध सुरू करायचे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग 1986 मध्ये गडचिरोलीला आले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. या भागात लहान मुले न्यूमोनियाने मरत होती. रात्री दोन वाजता पाड्यावर एखाद्या तान्ह्याला धाप लागली तर त्याच्याजवळ कोण असेल? डॉक्टर नक्कीच नसेल. दाई असेल. तिला साठपर्यंत मोजता येत नाही, पण दहापर्यंत येते. मग साठ श्वासांचा वैद्यकीय नियम दहा-दहाच्या तुकड्यांत मोडला आणि मण्यांत ओवला. नियम तोच राहिला. तो फक्त डॉक्टरच्या हातातून दाईच्या हातात गेला.

समाज बदलू पाहणाऱ्या संस्थांच्या नेतृत्वाचा विचार करताना मला हा तांबडा मणी आठवतो. त्याग, साधेपणा, वक्तृत्व, माणसे जोडण्याची हातोटी हे सगळे गुण मोलाचेच आहेत. पण हे गुण नेत्याच्या देहाबरोबर जातात. आपले ज्ञान आणि आपला अधिकार दुसऱ्याला पेलेल अशा रूपात आणून त्याच्या हाती सोपवणे ही वेगळी गोष्ट आहे. त्यासाठी बुद्धी लागते, वर्षे लागतात आणि 'माझ्याशिवाय हे चालेल' असे स्वतःला सांगण्याचे धैर्य लागते. ते ज्याने केले तो नेता, असे माझे मत आहे.

या वाटेवरचा मोठा प्रयोग गडचिरोलीच्याही आधी जामखेडला झाला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य वेल्लोरला शिकलेले. नगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात त्यांनी काही वर्षे काम केले, तेव्हा एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. खाटेवर येणारे बहुतेक आजार घाण पाणी, उपासमार आणि अज्ञान यांतून आलेले होते. रुग्ण बरा होऊन गावी जायचा आणि त्याच आजाराने परत यायचा. पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन ते परतले आणि 1970 मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले. दुष्काळी तालुका, जातीची पक्की उतरंड, आणि स्त्रीचे म्हणणे घरातसुद्धा कोणी विचारत नसे असा तो काळ.

आरंभी त्यांनीही सगळे करतात तेच केले. प्रशिक्षित नर्स गावात राहायला पाठवल्या. त्या टिकल्या नाहीत. गावाला त्या परक्या आणि त्यांना गाव परके. मग गावातलीच एखादी बाई घ्यावी, असा विचार पुढे आला. गावाने निवडलेल्या या बायकांपैकी बहुतेक निरक्षर होत्या. अनेक जणी दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या होत्या. ज्यांच्या हातचे पाणी गाव पीत नव्हते त्यांच्या हाती गावाचे आरोग्य द्यायचे, असा हा निर्णय होता. वैद्यकीय पेशातल्या कित्येकांना तो वेडेपणा वाटला असेल.

जामखेडची ही हकिगत सांगताना लोक प्रशिक्षणाविषयी बोलतात. माझ्या मते तिथले मर्म आठवड्याच्या बैठकीत होते. या बायका दर आठवड्याला केंद्रावर यायच्या. सगळ्या जातींच्या बायका एकत्र राहायच्या, एका पंगतीला जेवायच्या. गावात काय घडले, कोणते मूल दगावले, कोणाच्या घरात जुलाबाच्या बाळाचे पाणी तोडले, हे एकमेकींना सांगायच्या आणि त्यातून शिकायच्या. घरात आणि गावात मान खाली घालून वावरणारी बाई तिथे बोलायला शिकली. औषधांची नावे कोणीही पाठ करून घेईल. पण 'माझे म्हणणे ऐकण्यासारखे आहे' ही खात्री पुस्तकातून मिळत नाही. ती येण्यासाठी कोणीतरी, आठवड्यामागून आठवडे, खरोखर ऐकावे लागते. आरोळे दांपत्याने तो वेळ दिला. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळात बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा दलित वस्तीतच जागा निवडल्या जातील याची काळजी त्यांनी घेतली. गावातल्या उच्चवर्णीय बायका हंडा घेऊन त्या वस्तीत येऊ लागल्या. अस्पृश्यतेवर भाषण न करता केलेले हे काम आहे.

1971 मध्ये या गावांत हजारी 176 अर्भके वर्षाच्या आत मरत होती. 1976 पर्यंत हा आकडा 52 वर आला आणि 1993 मध्ये 19 वर. ही घट कुठल्या मोठ्या यंत्राने किंवा नव्या औषधाने झालेली नाही. मेबल आरोळे 1999 मध्ये गेल्या, रजनीकांत आरोळे 2011 मध्ये. त्यांनी शिकवलेल्या बायकांनी पुढच्या बायकांना शिकवले आणि काम चालू राहिले.

आपल्याकडे अशा नेतृत्वाचे पूर्वज आहेत. धोंडो केशव कर्वे यांनी 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. पार्वतीबाई आठवले या स्वतः विधवा, कर्व्यांच्या मेहुणी, सव्विशीच्या सुमारास अक्षरे गिरवायला बसलेल्या. त्याच पुढे आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडल्या आणि 1918 मध्ये अमेरिकेपर्यंत पोहोचल्या. जिच्यासाठी संस्था काढली तीच संस्था चालवू लागली. महाराष्ट्राला कर्वे ठाऊक आहेत. पार्वतीबाई किती जणांना ठाऊक आहेत?

हा प्रश्न मला टोचतो, कारण चूक आपली आहे. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या रौप्यमहोत्सवाला गेलो होतो. संस्थापकांच्या कामाविषयी मला मनापासून आदर आहे आणि तो आजही तसाच आहे. मंचावर सात खुर्च्या होत्या, शाल आणि श्रीफळ झाले, मानपत्र वाचले गेले. आदल्या रात्रीपर्यंत वस्त्यांवर फिरून आलेल्या बायका मांडवाच्या कडेला चहाचे ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांतली एक वीस वर्षे संस्थेत होती. जेवणाच्या वेळी मी तिच्याशी बोललो, तेव्हा त्या भागातल्या रेशनच्या अडचणींबद्दल तिने दहा मिनिटांत जे सांगितले, ते दिवसभरातल्या एकाही भाषणात नव्हते. तिला बोलायला कोणी बोलावले नव्हते, आणि कोणी बोलावले नाही याचे तिला आश्चर्यही वाटत नव्हते. पुढे संस्था कोण चालवणार, हा प्रश्न तिथे निघाला तेव्हा सगळ्यांच्या नजरा संस्थापकांच्या मुलाकडे वळल्या. घरातला वारस चांगला निघू शकतो, तशी उदाहरणे महाराष्ट्रात आहेत. पण वीस वर्षे काम केलेल्या बाईचे नाव कोणाच्या मनातही येऊ नये, हे संस्थेचे अपयश आहे.

याहून मोठी चूक सरकारी पातळीवर झाली. 'सर्च'ने 39 गावांत साध्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले. या आरोग्यदूत घरी जाऊन बाळाचे वजन करीत, त्याला ऊब देत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर इंजेक्शनही देत. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले होते. 1999 मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये आला आणि 2011 मध्ये भारत सरकारने ही पद्धत 'आशा' या गावपातळीवरच्या आरोग्य कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे. एका छोट्या संस्थेचे काम देशाचे धोरण व्हावे, याहून मोठे यश नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण देशाने भेटींचे वेळापत्रक उचलले, विश्वास उचलला नाही. इंजेक्शन आशांच्या हाती आले नाही. सहा भेटी पूर्ण झाल्या की मिळून 250 रुपये ठरवले गेले. आशा 'स्वयंसेविका' ठरली, म्हणून तिला वेतन नाही. मोबदला आहे आणि तोही वेळेवर मिळावा म्हणून आंदोलने करावी लागतात. 2024 च्या आरंभी राज्यभरातल्या आशा मुंबईच्या आझाद मैदानात दिवसेंदिवस बसल्या होत्या. त्याच्या दोन वर्षे आधी, 2022 मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांवर आशांना जागतिक आरोग्यातील नेतृत्वाचा पुरस्कार दिला होता. जगाने ज्यांना नेत्या म्हटले त्यांना आपण कर्मचारी म्हणायलाही तयार नाही.

यावर कोणी म्हणेल, जामखेडच्या बायकाही पगारी नोकर नव्हत्या, सेवाभावानेच काम करीत होत्या. खरे आहे. पण त्या आपल्याच गावात, दिवसातला काही वेळ, आपण ठरवलेल्या कामासाठी देत होत्या आणि आठवड्याला त्यांचे ऐकणारी माणसे होती. आजच्या आशाकडे बाळंतपणे आहेत, लसीकरण आहे, क्षयरोगाचे रुग्ण आहेत, सर्वेक्षणे आहेत, रजिस्टरे आहेत आणि मोबाइलवर भरायची माहिती आहे. तिच्या बैठकीत आकडे मागितले जातात. गावात काय चालले आहे ते क्वचितच विचारले जाते. पूर्ण दिवसाचे काम घ्यायचे आणि त्याला सेवा म्हणायचे, हा अन्याय आहे. आरोळे किंवा बंग यांच्या नावाने तो झाकता येणार नाही.

म्हणून दोन गोष्टी मागाव्याशा वाटतात. एखाद्या संस्थेला देणगी देताना किंवा तिच्या कार्यक्रमाला जाताना संस्थापकांना नमस्कार जरूर करा. पण वस्तीवर काम करणारी बाई मंचावर का नाही, संस्थेच्या कार्यकारिणीत तिच्यासारख्या किती जणी आहेत, हेही विचारा. आणि आशा जेव्हा पुन्हा मोर्चा काढतील तेव्हा त्यांच्या मागणीला आपला आवाज द्या: स्वयंसेविका हा शब्द काढा, नियमित वेतन द्या, निवृत्तिवेतन द्या. बेचाळिसाव्या दिवशी आशांनी वजन केलेली बाळे आज आपल्या गावात शाळेत जात आहेत.