डॉ. खरे यांची सुनावणी

नागपुरातून अमरावती रोडने बाहेर पडलं की वाडीपासून गोदामं, ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि ट्रकांच्या रांगा सुरू होतात. निवडणुकीच्या दिवसांत इथल्या चहाच्या टपऱ्यांवर मोबाइलमधून एक मजकूर हमखास फिरतो. आपण केवळ जन्माच्या अपघाताने हिंदू आहोत, बाकी शिक्षणाने आणि संस्कृतीने कोणी वेगळेच आहोत, असं पंडित नेहरूंनी स्वतःच सांगून टाकलं होतं, अशा अर्थाचा तो मजकूर. वाचणारा मान हलवतो आणि पुढच्याला पाठवतो. नेहरूंनी असं काही लिहिलेलं नाही. ते त्यांचं वर्णन आहे आणि ते करणारा माणूस आपल्याच नागपूरचा, डॉ. नारायण भास्कर खरे. १९५९ मध्ये रफिक झकेरिया यांनी संपादित केलेल्या नेहरूंवरच्या ग्रंथात खऱ्यांनी एक बोचरा लेख लिहिला, त्यात ते आहे. विरोधकाने मारलेला टोमणा पुढे ज्याला मारला त्याच्याच तोंडी घालण्यात आला आणि मारणारा विसरला गेला.

हा माणूस असा विसरला जाणं बरोबर नाही. ते मोठे होते म्हणून मी हे म्हणत नाही. सनातनी वळणाचा खासदार कसा घडतो, काय मागतो आणि कुठे गप्प बसतो, हे त्यांच्या कारकिर्दीत जितकं उघडं दिसतं तितकं क्वचितच दिसतं.

खऱ्यांचा जन्म १८८४ चा. लाहोरला वैद्यकीचं शिक्षण घेऊन ते नागपूरकर झाले. त्या काळच्या नागपुरी राजकारणात डॉक्टरांची चलती होती. डॉ. मुंजे, डॉ. हेडगेवार, डॉ. परांजपे, नाडी बघता बघता समाजाची नाडीही आपल्यालाच कळते असं वाटणारी ही मंडळी. खरे टिळकांच्या वळणाचे काँग्रेसवाले. ‘तरुण भारत’ हे साप्ताहिक त्यांनी चालवलं. त्याच नावाचं दैनिक पुढे १९४४ मध्ये माडखोलकरांच्या संपादकत्वाखाली निघालं. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचं सरकार आलं आणि खरे प्रांताचे मुख्यमंत्री झाले. तेव्हा त्या पदाला पंतप्रधान म्हणत.

या सरकारात पहिल्या दिवसापासून दोन चुली होत्या. रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र आणि मेहता हे महाकोशलचे हिंदी भाषक मंत्री एकीकडे. खरे, गोळे, देशमुख ही मराठी मंडळी दुसरीकडे. मे १९३८ मध्ये पचमढीला वल्लभभाई पटेलांसमोर समेट झाला, तो दोन महिनेही टिकला नाही. २० जुलैला खऱ्यांनी राजीनामा दिला आणि सहकाऱ्यांकडेही राजीनामे मागितले. हिंदी गटाने ते द्यायला नकार दिला. गव्हर्नर सर फ्रान्सिस वायली यांनी रातोरात त्यांना बडतर्फ केलं आणि दुसऱ्या दिवशी खऱ्यांच्या नव्या मंत्रिमंडळाचा शपथविधी झाला. इंग्रज गव्हर्नरच्या मदतीने स्वकीयांना काढलं, हा काँग्रेसच्या दृष्टीने अक्षम्य गुन्हा होता. दोनच दिवसांत खऱ्यांना राजीनामा द्यावा लागला. शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, गांधीजींसमोर माफीवजा निवेदनाचा मसुदा झाला, त्यावर खऱ्यांनी सही केली नाही. २६ जुलैला वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीने त्यांच्यावर ठपका ठेवला. शुक्ल मुख्यमंत्री झाले आणि खरे काँग्रेसबाहेर गेले.

त्या अल्पायुषी मंत्रिमंडळात एक नाव होतं रामेश्वर अग्निभोज यांचं. ते अस्पृश्य समाजातले. पुढे खरे सभांतून सांगत फिरले की गांधीजींचा खरा राग याच नावावर होता. अस्पृश्यांच्या मनात अशा आकांक्षा जागवणं चूक, असं त्यांनी आपल्याला सुनावलं. हे १९४५ च्या पुस्तकात नोंदवलं कोणी, तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. गांधी-काँग्रेसने अस्पृश्यांसाठी काय केलं याचा हिशेब मांडताना त्यांनी खऱ्यांची साक्ष काढली. त्या वेळी दोघेही व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. आंबेडकर मजूर खात्यात आणि खरे १९४३ पासून साम्राज्यातल्या परदेशस्थ भारतीयांच्या खात्यात. या साक्षीवर मी पूर्ण भिस्त ठेवणार नाही. साक्षीदार एकच आहे आणि तोही डिवचलेला. शिवाय जुने सहकारी तुटल्यावर नवे चेहरे हवेच होते, त्या निकडीतून अग्निभोज आत आले असणं सहज शक्य आहे. तरी एवढं मान्य करायला हवं की ही नेमणूक झाली आणि ती पुढे हिंदू महासभेचा अध्यक्ष झालेल्या माणसाच्या हातून झाली. खऱ्यांना महासभेकडे नेणारी वाट समाजविचारांतून निघाली नव्हती. ती वर्ध्याच्या बैठकीतून निघाली. आपलं ऐकूनच घेतलं नाही ही सल त्यांना आयुष्यभर पुरली.

परदेशस्थ भारतीयांच्या खात्याच्या कामात त्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारला जशास तसं उत्तर देण्याची भूमिका घेतली. भारतीय लोकांवर तिथे जी बंधनं होती तशीच इथल्या आफ्रिकी गोऱ्यांवर लादली. त्यांच्या चाहत्यांनी खरं तर हे काम मिरवायला हवं. ते मिरवत नाहीत, कारण ते व्हाइसरॉयच्या दरबारात केलेलं आहे.

डिसेंबर १९४९ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात खरे हिंदू महासभेचे अध्यक्ष झाले. पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे येत होते, पाकिस्तानचे पंतप्रधान लियाकत अली दिल्लीला यायचे होते. अशा वेळी ३१ मार्च १९५० ला दिल्लीच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी खऱ्यांना तीन महिन्यांसाठी शहराबाहेर काढलं. नागपुरातच राहा, असाही एक हुकूम निघाला होता, तो पुढे मागे घेतला गेला. खरे थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. घटना लागू होऊन तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते.

त्यांचं म्हणणं साधं होतं. एका अधिकाऱ्याच्या मनाची खात्री पटली एवढ्यावर नागरिकाला हद्दपार करता येतं, आधी त्याला ऐकून घेत नाहीत, हे कसलं वाजवी बंधन? २६ मे १९५० च्या निकालात तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ते हरले. महाजन आणि मुखर्जी या न्यायमूर्तींना मात्र त्यांचं पटलं होतं. पण हरताना एक गोष्ट पदरात पडली. बंधन वाजवी आहे की नाही हे ठरवताना कायद्याचा मजकूर तपासायचाच, पण ते बंधन कोणत्या पद्धतीने लादलं तेही तपासायचं, हे तत्त्व तिथे प्रस्थापित झालं. दोन वर्षांनी मद्रासच्या व्ही. जी. राव या कम्युनिस्ट बॅरिस्टरच्या संस्थेवरची बंदी न्यायालयाने रद्द केली, तेव्हा याच खटल्याचा आधार घेतला. महासभेच्या अध्यक्षाने हरलेला दावा कम्युनिस्टांच्या कामी आला. वाडीहून शहरात जाताना रविनगरजवळ विद्यापीठाचं विधी महाविद्यालय लागतं, आंबेडकरांच्या नावाचं. तिथली मुलं घटनेचं कलम १९ शिकताना खऱ्यांचं नाव घोकतात. त्यातल्या किती जणांना तो आपल्याच गावचा डॉक्टर होता हे ठाऊक असेल, देव जाणे.

इथवर वाचून खऱ्यांबद्दल कोणालाही आपुलकी वाटेल, मलाही वाटते. पण या खटल्याच्या तीन वर्षं आधीचं पान उलटावं लागतं.

एप्रिल १९४७ मध्ये खरे अलवर संस्थानचे दिवाण, म्हणजे पंतप्रधान झाले. त्या उन्हाळ्यात अलवर आणि भरतपूरच्या मेव मुसलमानांवर जे गुदरलं त्याचा तपशील शैल मायाराम आणि इयान कोपलँड या अभ्यासकांनी मांडला आहे. गावंच्या गावं जळाली, माणसं मारली गेली, उरलेल्यांपुढे शुद्धी नाहीतर परागंदा होणं असे दोनच पर्याय राहिले. संस्थानचं सैन्य यात प्रेक्षक नव्हतं, सामील होतं. हजारो मेव गुडगावच्या बाजूला सरकले. १९ डिसेंबर १९४७ ला गांधीजी घासेडा गावात जाऊन त्यांना देश सोडू नका असं सांगून आले. खऱ्यांच्या आत्मचरित्रात या काळाबद्दल संकोच नाही. मेवांचं बंड मोडून काढलं, असाच सूर आहे. गांधीहत्येनंतर अलवरच्या महाराजांवर आणि खऱ्यांवर संशय आला, दोघांना संस्थानाबाहेर ठेवलं गेलं. हत्येशी त्यांचा संबंध जोडणारा पुरावा निघाला नाही आणि तो आरोप आजही त्यांच्यावर करणं अन्यायाचं होईल. मेवांचं प्रकरण मात्र वेगळं आहे. तिथे सत्तेच्या खुर्चीत खरे स्वतः होते.

१९५० मध्ये न्यायालयापुढे त्यांनी मागितलेली गोष्ट १९४७ मध्ये त्यांच्या हातात होती. घराबाहेर काढण्याआधी माणसाचं म्हणणं ऐकून घ्या. तीन महिन्यांच्या हद्दपारीने ज्याचा जीव कळवळला, त्याला कायमची हद्दपारी दिसली नाही. याला नुसता दांभिकपणा म्हणून सोडून देणं मला पुरेसं वाटत नाही. दांभिक माणसाला आपण विसंगत वागतोय हे आतून माहीत असतं. खऱ्यांना ते जाणवलंच नसावं, कारण त्यांच्या लेखी हक्क हा नागरिकाचा नव्हता, आपल्यातल्या माणसाचा होता. सनातनी राजकारणाचा हा गाभा आहे आणि पुरोगामी म्हणवणारेही सत्तेवर आले की याच गाभ्याच्या आसपास घुटमळताना दिसतात. खऱ्यांना हद्दपार करणारं सरकार नेहरूंचं होतं हे विसरायचं कारण नाही.

१९५२ च्या निवडणुकीत महासभेचे विष्णू घनश्याम देशपांडे गुना आणि ग्वाल्हेर अशा दोन्ही जागांवर निवडून आले. त्यांनी ग्वाल्हेर सोडलं आणि पोटनिवडणुकीत खरे पहिल्या लोकसभेत पोचले. सगळा जन्म ज्या नागपुरात राजकारण केलं, तिथून लोकसभेचं दार त्यांना उघडलं नाही. लोकनायक अणे यांच्यासारख्या जुन्या वळणाच्या माणसाला नागपूरने १९६२ मध्ये अपक्ष म्हणून निवडून दिलं. पण अणे विदर्भ मागत होते, खरे हिंदुराष्ट्र. नागपूरकर मतदार या दोहोंत फरक करतो. आज वाडी लोकसभेला रामटेकमध्ये मोडते आणि तिथून नरसिंह रावांसारखा आंध्रातला नेताही दोनदा निवडून गेला आहे. घरचा की बाहेरचा, हा हिशेब इथे कधीच सरळ नसतो.

खरे ज्या बाकांवर बसले तिथून हिंदू कोड बिलाला कडाडून विरोध झाला. आंबेडकरांनी १९५१ मध्ये याच कोडापायी मंत्रिपद सोडलं होतं. नंतर त्याचे तुकडे करून १९५५ चा विवाह कायदा आणि १९५६ चा वारसा कायदा झाला. महासभेचा युक्तिवाद पुन्हा ऐकून घेण्याचाच होता: हिंदू समाजाला विचारलं कुठे? विचारलं होतं. बी. एन. राव समिती १९४५ मध्ये गावोगाव साक्षी घेत फिरली, नागपूरलाही आली. सनातन्यांनी तिथे भरपूर साक्षी दिल्या. त्यांची तक्रार खरं तर अशी होती की आपलं ऐकल्यावर समितीने बायकांचंही ऐकलं. सासरी छळ होणारी सून आणि वाटणीत कुठेच न मोजलेली लेक, यांना शतकानुशतकं कोणी सुनावणी दिली नव्हती, याबद्दल त्या बाकांना चुकचुकल्यासारखंही झालं नाही. परंपरेची बाजू मांडायला संसदेत कोणीतरी असायलाच हवं, हे मी मानतो. वेगाने केलेला कायदा घरात शिरत नाही, हे सनातनी माणूस जितकं ओळखून असतो तितकं सुधारकाला उमगत नाही. वारसा कायद्यानंतरही कितीतरी घरांत बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, हे तलाठ्याला विचारलं तरी कळेल. पण बाजू मांडणं वेगळं आणि समोरच्याला बाजू आहे हेच न मानणं वेगळं.

खरे शेवटपर्यंत कोर्टाची पायरी चढत राहिले. १९५७ मध्ये राष्ट्रपतिपदाची निवडणूक लागली, तेव्हा हिमाचल आणि पंजाबमधल्या काही मतदारसंघांत लोकसभेचं मतदान अजून व्हायचं होतं. तिथले प्रतिनिधी निवडून येण्याआधी राष्ट्रपती निवडणं घटनेला धरून नाही, म्हणून ही निवडणूक थांबवा, अशी याचिका घेऊन त्र्याहत्तर वर्षांचे डॉक्टर सर्वोच्च न्यायालयात उभे राहिले. निवडणूक पुरी झाल्याशिवाय आम्ही हात घालणार नाही, असं सांगून न्यायालयाने ती फेटाळली. मुद्दा काही पोकळ नव्हता. डोंगराळ भागातल्या माणसांचंही मत मोजलं गेलं पाहिजे, असं ते पोटतिडकीने मांडत होते. दोन वर्षांनी त्यांचं आत्मचरित्र आलं, नेहरूंवरचा तो लेखही त्याच वर्षीचा. वर्ध्याचा अपमान आत्मचरित्रात ताजाच आहे. अलवर सोडून गेलेल्या मेवांची बाजू मात्र त्यात मिळत नाही. ती घासेड्याच्या लोकांकडून आणि मायारामांच्या पुस्तकातून ऐकावी लागते.