निर्जन घाटातील रहदारी

मनालीच्या उत्तरेस ५१ किलोमीटरांवर, ३,९७८ मीटर उंचीवर असलेल्या रोहतांगच्या खिंडीत दर मंगळवारी पर्यटकांच्या मोटारींना मनाई असते. एरवीही राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने घालून दिलेली मर्यादा दिवसाला १,२०० मोटारींची; शिवाय ३ ऑक्टोबर २०२० रोजी या डोंगराच्या पोटातून काढलेला ९.०२ किलोमीटरांचा अटल बोगदा खुला झाल्यापासून केलांगकडे व पुढे लेहकडे जाणाऱ्या मालमोटारींनी ही वहिवाट बहुतांशी सोडून दिली आहे. सबब, आदल्या रात्री कोठी गावात मुक्काम करून, मंगळवार नेमका हेरून, कॅरिअरवर दोन पिशव्या लादलेली सायकल रेटीत मी गुलाब्याच्या चौकीवर पोहोचलो, आणि तेथील पहारेकऱ्याने काही न विचारता आडवा बांबू हातभर उचलून मला खालून जाऊ दिले, तेव्हा एक अख्खा घाट आपल्या एकट्याच्या नावे कोणी सनद करून दिल्यासारखा जो आनंद मला झाला, तो सांगताना आज थोडा संकोच वाटतो.

दिवस ज्येष्ठ वद्याचे होते. ज्ञानोबांची पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवेघाट चढण्याच्या बेतात असेल, आणि त्या दिवशी दिवेघाटही मोटारींना बंद असतो, हे चढता चढता मला आठवले. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी तो घाट पाहिला आहे. रस्ता असा दिसतच नव्हता, फक्त पताका आणि डोकी. तो घाट लाखो पावलांसाठी मोकळा केलेला असतो. हा कोणासाठी मोकळा केला आहे, हा प्रश्न मात्र त्या वेळी मला सुचला नाही.

गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत एकांतस्थळाची आवड आणि जनसमुदायाविषयी अरुची ही दोन लक्षणे शेजारीशेजारी येतात. आणि त्याच गीतेवर मराठीत भाष्य करणाऱ्या ज्ञानदेवांच्या पादुका आज आपल्या मुलखातील सर्वांत मोठ्या जनसमुदायातून मिरवत नेल्या जातात. या विसंगतीचा निकाल आमच्या परंपरेने वादविवादाने लावला नाही, वहिवाटीने लावला. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकटे जाऊन बसत आणि देहूस परतून कीर्तनास उभे राहत. या दोहोंपैकी तुमचे खरे कोणते, असे त्यांना कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. मला स्वतःला, खरे बोलायचे तर, त्या लक्षणांपैकी दुसरेच अधिक सोयीचे वाटत आले आहे. माणसांचा कंटाळा कोणालाही येतो, आणि त्या कंटाळ्याचीच ज्ञानाच्या खाती नोंद होणार असेल तर ती कोणाला नको आहे?

मढी मागे पडली की पुढची सर्वांत लहान चकती आणि मागची सर्वांत मोठी, यांवर चेन येऊन बसते आणि गाठीशी आणखी एकही गिअर उरत नाही. वेग चालत्या माणसाइतका होतो. माथ्याकडे हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे तीन-पंचमांशांवर येतो, आणि खाली ज्या श्वासाची आपण दखलही घेत नाही, तो प्रत्येक वळणावर मोजून घ्यावा लागतो. अशा वेळी या दमछाकीला तप म्हणण्याचा मोह अनावर होतो. पण सतराव्या अध्यायात शारीर तपाची यादीच दिलेली आहे: पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा. तीत घामाचा उल्लेख नाही. उलट शास्त्राने न सांगितलेले घोर तप करून देहास कष्टविणाऱ्यांची गणना आसुरी निश्चयाच्या माणसांत केली आहे. तेव्हा तपाचा दावा मी तेथेच मागे घेतला (दम लागलेला असताना दावे मागे घेणे फारसे जड जात नाही) आणि एकांत तरी आपला आहे, एवढ्यावर समाधान मानले.

तो एकांत पुढच्या वळणावर संपला. रस्त्याच्या कडेला जाळावर डांबराचे पिंप चढविलेले, वर बर्फाच्या भिंतीवर त्या धुराची काजळी बसलेली, आणि खडीच्या ढिगाभोवती तीस-चाळीस माणसे. त्यांतल्या दोघी एकच फावडे चालवीत होत्या: एकीने दांडा धरून पाते खडीत रोवायचे, समोरच्या दुसरीने पात्याच्या मुळाशी बांधलेली दोरी ओढायची, आणि त्या झटक्यासरशी खडी घमेल्यात जाऊन पडायची. एका छातीचे काम दोन छात्यांत वाटून घेण्याची ती रीत मी बराच वेळ पाहत राहिलो. दोघींत बोलणे नव्हते, पण दांडा आणि दोरी यांची लय एकदाही चुकली नाही. ही माणसे दूरच्या दुमक्याकडची. १९६० साली स्थापन झालेल्या सीमा सडक संघटनेच्या कामांवर झारखंडातून दर उन्हाळ्यात अशी हजारो माणसे हिमालयात येतात आणि बर्फ पडू लागले की परततात. मंगळवारी घाट बंद ठेवतात, तो या दुरुस्तीसाठीच.

सकाळपासून मी मनाशी ‘निर्जन, निर्जन’ म्हणत होतो. त्यातल्या ‘जन’ या शब्दाने मला मोटारीतून येणारी, बर्फात उभी राहून छायाचित्रे काढून घेणारी, म्हणजे थोडक्यात माझ्यासारखीच माणसे अभिप्रेत होती; ज्यांच्यासाठी मनाईहुकूम निघाला, ती माणसे माझ्या हिशेबात धरलेलीच नव्हती. गीतेचा तेथला शब्द ‘विविक्त’ असा आहे. विविक्त म्हणजे वेगळे काढलेले, निवडलेले, आणि त्याचा धातू विवेकाचाच. तांदूळ निवडावेत तसे एखादे स्थळ कोणी निवडले, आणि निवडताना सुपाच्या कडेला काय सारले, याची चौकशी न करता त्या स्थळाचा उपभोग घेणाऱ्यास विविक्त लाभले असेल, विवेक लाभला असे म्हणता येणार नाही. अरण्यात गेलेल्या ऋषींच्या कथा वाचतानाही आश्रमापर्यंतची पायवाट कोणी मळवली, हे विचारण्याची सवय आपल्याला नाही.

माथ्यावर वारा फार होता. तेथे व्यासांच्या नावाचे कुंड आहे आणि तेथून बियास, म्हणजे पूर्वीची विपाशा, दक्षिणेस उतरते. उत्तरेकडच्या उताराचे पाणी चंद्रा नदीस मिळते. ही चंद्रा तांदी गावाशी भागेस भेटली की तिचे नाव चंद्रभागा होते, आणि त्या संगमात लाहौली लोक आपल्या मृतांची रक्षा सोडतात. पंढरीची भीमा तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळे चंद्रभागा म्हणविते. ती चंद्रभागा सोडून नामदेव पंजाबात जेथे जाऊन राहिले ते घुमान बियासपासून फारसे दूर नाही. म्हणजे या माथ्यावर वितळलेले बर्फ एका अंगाने नामदेवांच्या वाटेस लागते आणि दुसऱ्या अंगाने चंद्रभागा होते! भूगोलाच्या या योगायोगावर मी चांगली पंधरा मिनिटे खूश होतो. मग रोहतांग या नावाचा अर्थ प्रेतांचा ढीग असा सांगतात, हे आठवले. व्यापारासाठी आणि मजुरीसाठी ही खिंड ओलांडताना वादळात सापडलेल्यांची ती आठवण असेल, तर हा माथा कधीच निर्जन नव्हता.

उतारावर, ग्रांफू अजून बरेच खाली असताना, विशीतल्या एका मुलाने माझ्यापुढे लाल निशाण आडवे धरले. रस्ता माझ्या पुढेही रिकामा होता आणि मागेही. ‘रुकिए, ट्रॅफिक बंद है,’ तो म्हणाला. वळणापलीकडे डांबर ओतणे चालू होते. जुन्या दफ्तरांत राहदारी म्हणजे मुलखातून जाऊ देण्याचा परवाना व त्यावरची जकात. आजच्या अर्थाची रहदारी त्या घाटात त्या घटकेला शोधायची म्हटली, तर ती सायकलीची दांडी धरून उभी होती. मी सायकल दगडाला टेकवली आणि बसलो. तोही बसला, पण निशाण त्याने खाली ठेवले नाही. रोलर तीनदा गेला आणि तीनदा आला. मग कोणीतरी शीळ घातली, त्याने उभे राहून लाल निशाण गुंडाळले, काखेतले हिरवे सोडले, आणि मागे पन्नास मालमोटारी खोळंबल्या असाव्यात अशा गांभीर्याने ते हलविले. मी निघालो. ताज्या डांबरातली बारीक खडी चाकांना चिकटली होती. ती मडगार्डाखाली तडतडत कोकसरपर्यंत माझ्याबरोबर आली.