फेरी पुरी झाली काय?

काम आरंभिणे सोपे, तडीस नेणे कठीण, असे आपण मुलांना नेहमी सांगतो. परंतु "तडीस नेले" असे म्हणण्याचा हक्क माणसाला केव्हा प्राप्त होतो, ह्याचा विचार आपण क्वचितच करतो. ह्या बाबतीत तैवान बेटावरील एक प्रघात विचार करण्याजोगा आहे.

तेथे सायकलवरून सबंध बेटाला वळसा घालण्याची लोकांना मोठी हौस आहे. ह्या फेरीला ते 'हुआनदाओ' म्हणतात. जायंट ह्या सायकल कारखान्याचे संस्थापक किंग लिऊ ह्यांनी २००७ साली, वयाच्या ७३ व्या वर्षी, ही फेरी केली आणि ८० व्या वर्षी पुन्हा केली. २०१५ साली तेथील सरकारने सुमारे ९६८ किलोमीटरचा 'सायकल मार्ग क्रमांक १' खुला केला. पुष्कळ जण तैपेईहून निघून पश्चिम किनाऱ्याने दक्षिणेस उतरतात आणि पूर्व किनाऱ्याने उत्तरेस परततात. वाहने रस्त्याच्या उजवीकडून चालत असल्यामुळे अशा रीतीने जाणाऱ्याला समुद्र आपल्या बाजूस मिळतो.

खरी परीक्षा शेवटाजवळ येते. हुआलिएन ते सुआओ हा सुमारे १०० किलोमीटरचा सुहुआ रस्ता कड्यांतून काढलेला आहे. एका अंगाला पॅसिफिक महासागर, दुसऱ्या अंगाला उभा डोंगर, मध्ये बोगदे आणि मालमोटारींची वर्दळ. ३ एप्रिल २०२४ च्या भूकंपात येथे दरडी कोसळल्या व एक पूल तुटला. म्हणून अनेक सायकलस्वार एवढा टप्पा सायकलीसह आगगाडीने ओलांडतात आणि सुआओला उतरून पुन्हा सायकल हाकू लागतात.

ज्याने हे अंतर गाडीत बसून काटले, त्याची फेरी पुरी झाली काय?

काही जण म्हणतील, नाही. वळसा म्हणजे वळसा, त्यात खंड नको. ह्या म्हणण्यात निष्ठा आहे, पण थोडा अभिमानही आहे. अरुंद बोगद्यात एखादा दमलेला सायकलस्वार डगमगला, तर मागच्या मोटारचालकालाही संकटात टाकतो. घरी त्याची वाट पाहणारे असतात. आपला संकल्प पुरा व्हावा म्हणून दुसऱ्याचा जीव टांगणीला लावण्याचा अधिकार कोणालाही नाही. मदत घेणे हा दोष नव्हे.

मग सवलतीला मर्यादा कोणती? ती आगगाडीतच दिसून येते. हुआलिएनहून निघालेली गाडी पुष्कळदा सुआओजवळ थांबून थेट तैपेईला जाते. पाय दुखत आहेत, बाहेर पाऊस आहे, बसायला जागा मिळाली आहे. न उतरता बसून राहिले, तर कोणाला कळणार? आणि राहिले आहे ते तरी काय? यीलानचा सपाट प्रदेश, ईशान्येचा किनारा, वाटल्यास १९२४ सालचा जुना चाओलिंग रेल्वे बोगदा, जो आज सायकलींसाठी आहे. इतके केले, एवढ्याने काय बिघडते, असे मन म्हणू लागते. शेवट दृष्टिपथात आला की मोह दुबळा होत नाही, उलट गोड बोलू लागतो.

धोक्यामुळे जो गाडीत चढला, त्याने धोका संपताच उतरले पाहिजे. जो उतरतो, त्याने मदत घेतली. जो बसून राहतो, त्याने मदतीच्या नावाखाली काम सोडले. दोघांनी तिकीट त्याच गाडीचे काढले. पण दोघांची कृती एक नव्हे. आणि उतरणाऱ्यावरही एक ऋण राहते, ते सत्याचे. "इतके सायकलने आलो, इतके गाडीने," असे त्याने सरळ सांगावे. तसे सांगितल्याने त्याची फेरी उणी होत नाही. लपविल्याने मात्र सायकलने काटलेले अंतरही संशयित ठरते.

मुलांना शिकविणाऱ्या आपणां सर्वांस हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. एखाद्या मुलाने अवघड गणितात वडील भावाची मदत घेतली, तर त्याला रागावू नये. त्याला इतकेच विचारावे: बाळ, तू गाडीत कोठे चढलास, आणि कोठे उतरलास? हाच प्रश्न रात्री निजण्यापूर्वी आपण स्वतःलाही विचारावा.