श्रद्धेला लागणारे धैर्य

अंगणात शेकोटी पेटली होती आणि आत येशूची चौकशी चालली होती. एका दासीने सहज हटकले, तेवढ्यानेच त्याचा शिष्य पेत्र याचे अवसान गळाले. आपण या माणसाला ओळखतच नाही, असे सांगून तो मोकळा झाला. काही आठवड्यांनी हाच पेत्र यरुशलेममधल्या धर्मसभेपुढे ताठ उभा राहिला. शुभवर्तमानांनी त्याची भीती झाकून ठेवली नाही. श्रद्धा ठेवली की धैर्य आपोआप येते असे नाही, हे ख्रिस्ती परंपरेला पहिल्यापासून ठाऊक आहे. ते धैर्य कशात असते, याचे उत्तर मात्र महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसांनी पिढीगणिक नव्याने शोधले.

बाबा पदमनजींच्या पिढीला बाप्तिस्मा हीच मोठी कसोटी होती. त्यांनी १८५४ मध्ये बेळगावला बाप्तिस्मा घेतला. त्या काळी त्याचा अर्थ जात सुटणे, पंगत तुटणे, घरची माणसे दुरावणे असाच होता. ती किंमत मोजूनही पदमनजी स्वतःच्या दुःखात अडकले नाहीत. तीनच वर्षांनी आलेल्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीत त्यांनी विधवांचे हाल मांडले.

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे दीक्षा घेतली. तिथल्या मठातल्या ज्या भगिनींनी त्यांना आश्रय दिला, त्यांनाच त्या धर्ममतांविषयी बेधडक प्रश्न विचारत राहिल्या. क्रूसावरची लॅटिन अक्षरे त्यांना मान्य नव्हती; त्या जागी संस्कृत का नको, असा त्यांचा सवाल होता. धर्म स्वीकारला म्हणून बुद्धी गहाण टाकायची नाही, हे धैर्याचे नवे रूप होते. पुढे धर्मांतराच्या आरोपावरून पुण्यात गदारोळ झाला आणि पालकांनी त्यांच्या शारदा सदन या शाळेतून मुली काढून नेल्या. तरी रमाबाई हटल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन त्यांनी उपाशी, निराधार मुली केडगावला आणल्या. त्यांना खाऊपिऊ घातले, शिकवले, छपाईसारखी कामे हाती दिली. त्यांच्या श्रद्धेवर संशय घेणाऱ्यांना केडगाव हेच उत्तर होते.

नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, लक्ष्मीबाईंचा १९०० चा. मधली पाच वर्षे लक्ष्मीबाईंनी पतीच्या मागे डोळे मिटून जायचे नाकारले. सोवळे-ओवळे आणि जातिभेद यांचा त्यांनी स्वतः विचार केला आणि दीक्षेआधीच ते सोडून दिले. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाही तिथे जागा होती. समाजाचा रोष सोसणे एक वेळ जमते. संस्थेचा आधार सोडणे अधिक कठीण, आणि मनात मुरलेली उच्चनीचता काढून टाकणे त्याहून कठीण. या नवरा-बायकोने ही दोन्ही कामे केली.

विसाव्या शतकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो ‘हरित वसई’च्या चळवळीसाठी रस्त्यावर उतरले, तेव्हा प्रश्न धर्मांतराचा नव्हताच. तो शेतीवाडीचा, विहिरींच्या पाण्याचा, बिल्डरांच्या दहशतीचा होता. सर्व धर्मांचे वसईकर त्यांच्यासोबत होते. शेजाऱ्याच्या पाण्यासाठी भांडणे हीसुद्धा उपासना आहे, हे या धर्मगुरूने कृतीने सांगितले.

पदमनजींपासून दिब्रिटोंपर्यंत एक गोष्ट स्पष्ट दिसते. आपले काय होईल, या काळजीत बुडालेल्या माणसाला धैर्य सापडत नाही. समोरच्याचे काय होईल, ही काळजी मोठी झाली की ते येते. पेत्रही अंगणात स्वतःचा जीव वाचवत होता. धर्मसभेपुढे तो उभा राहिला, तो एका पांगळ्याला बरे केल्याचा जाब द्यायला.

आज आपल्याला क्वचितच कुणी अंगणात अडवून विचारते. पण कचेरीत एखाद्यावर अन्याय होताना, सोयरीक जुळवताना जात विचारली जाताना, गावात एका घराला वाळीत टाकले जाताना आपली ओळख विचारली जातच असते. तिथे गप्प बसून रविवारी मंदिरात मोठ्याने गायलेल्या गीताला काही अर्थ उरत नाही. तिथे तोंड उघडा; श्रद्धा जगण्याची सुरुवात तिथूनच होते.